मेल गेटवेवर आरस्पॅमडी बसवताना: महिनाभराच्या नोंदी

२ जून, सोमवार

आमच्याकडे सुमारे १४० मेलखाती आहेत आणि आजवर मेल सर्व्हर थेट इंटरनेटला जोडलेला होता. त्याच्यावरच स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारे सॉफ्टवेअर चालत होते. ते कोणी, कधी आणि कोणत्या विचाराने बसवले याबद्दल एक ओळही कुठे लिहिलेली नाही. या नोंदी ठेवायला घेण्याचे पहिले कारण हेच. तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. नको ते मेल येतात ही एक, आणि हवे असलेले मेल पोहोचत नाहीत ही दुसरी. पहिली तक्रार करणारे जास्त होते, पण खरे नुकसान दुसरीने होत होते, कारण नको असलेला मेल खोडायला दोन सेकंद लागतात, हरवलेला मेल मात्र हरवला आहे हेच कोणाला कळत नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीच मी ठरवले, की नवा गेटवे (येणारा मेल आधी तपासून मग आत सोडणारे मशीन) सुरुवातीला स्पॅम म्हणून एकही मेल नाकारणार नाही; तो फक्त स्पॅमच्या संशयाचे गुण देईल आणि ते गुण मी रोज वाचेन.

मूळ मेल सर्व्हरच्या पुढे एक स्वतंत्र मशीन उभे करायचे आहे: डेबियन लिनक्स, त्यावर मेल घेण्या-देण्यासाठी पोस्टफिक्स, गाळणीसाठी आरस्पॅमडी, त्याचा साठा ठेवायला रेडिस, व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही. स्पॅमअसॅसिन आजही चांगले काम करते, पण एसपीएफ (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींवर आधारलेले डोमेनचे धोरण) यांची तपासणी, ग्रेलिस्टिंग (संशयित मेल आधी तात्पुरता नाकारून पुन्हा आल्यावर घेणे) आणि निकाल वाचण्यासाठी वेब पान हे सगळे आरस्पॅमडीत एका ठिकाणी मिळते, आणि एकट्या माणसाला सांभाळायचे असेल तर सुटे भाग जितके कमी तितके बरे. मशीनला ४ जीबी मेमरी दिली. कामाचा अंदाज १६ तासांचा धरला आहे.

३ जून, मंगळवार

पोस्टफिक्स पुढे पाठवणारा म्हणून लावले. रिले डोमेन्समध्ये (ज्यांचे मेल पुढे पाठवायचे त्या डोमेनच्या यादीत) आमची दोन्ही डोमेन लिहिली आणि ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये आतल्या, म्हणजे मूळ मेल सर्व्हरचा पत्ता दिला. कोणत्या पत्त्यांवर मेल घ्यायचे याची यादी, म्हणजे रिले रेसिपियंट मॅप्स, आज रिकामीच ठेवली. ती नंतर भरता येईल असे वाटले. हा निर्णय चुकीचा होता, पण ते कळायला तीन दिवस गेले.

दोन्हींपैकी कमी वापराच्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या मशीनकडे जायचा ही नोंद) रात्री नव्या गेटवेकडे वळवला. मोठ्या डोमेनला इतक्यात हात लावणार नाही.

५ जून, गुरुवार

आरस्पॅमडी बसवायला वीस मिनिटे लागली आणि त्याचे एक सेटिंग लागू का होत नाही हे शोधायला साडेतीन तास. मूळ सेटिंगच्या फाइलींना हात न लावता आपले बदल लोकल डॉट डी या फोल्डरमध्ये लिहायचे असतात, म्हणजे पुढच्या आवृत्तीने ते पुसले जात नाहीत. इथपर्यंत बरोबर होते. मूळ मर्यादा अशा आहेत: ४ गुणांना ग्रेलिस्टिंग, ६ गुणांना मेलवर स्पॅमची खूण, १५ गुणांना नकार. मला नकार आणि ग्रेलिस्टिंग दोन्ही बंद हवे होते, म्हणून ॲक्शन्सच्या फाइलीत ॲक्शन्स असे नाव लिहून महिरपी कंस उघडला, आत दोन्हींची किंमत नल (म्हणजे काहीच नाही) केली आणि कंस बंद केला. कॉन्फिग टेस्टची आज्ञा दिली तर उत्तर आले, की लिखाण बरोबर आहे. वेब पानावर मात्र नकाराची मर्यादा १५च दिसत होती.

मी सेवा पुन्हा सुरू केली, मशीन पुन्हा सुरू केले, फाइलीची मालकी आणि परवानग्या तपासल्या. शेवटी कारण सापडले ते असे: लोकल डॉट डीमधली फाइल आधीच त्या विभागाच्या कंसाच्या आत जोडली जाते, त्यामुळे मी लिहिलेला कंस हा विभागाच्या आतला आणखी एक विभाग ठरत होता आणि त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हते. कंस काढून नुसत्या दोन ओळी ठेवल्या आणि काम झाले. व्याकरण बरोबर असणे वेगळे आणि सेटिंग लागू असणे वेगळे. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर मी कॉन्फिग डंपची आज्ञा देऊन आरस्पॅमडी प्रत्यक्षात कोणती किंमत धरून चालला आहे हे पाहते. कॉन्फिग टेस्टवर एकट्यावर कोणी विसंबू नये.

पोस्टफिक्सला आरस्पॅमडी मिल्टर (मेल येतानाच तपासणारा जोड) म्हणून ११३३२ या पोर्टवर जोडला. आरस्पॅमडी बंद पडला तर काय करायचे हेही ठरवावे लागते. तपासणी न करता मेल आत घ्या असे सांगता येते, पण मी पोस्टफिक्सचे मूळ वर्तन कायम ठेवले: तात्पुरता नकार द्यायचा. पाठवणारा सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून थोडा उशीर होतो, मेल हरवत नाही.

६ जून, शुक्रवार

सकाळी रांग पाहिली तर तीत दीडशेच्या वर मेल अडकलेले होते आणि त्यांपैकी जवळजवळ सगळे आमच्याच गेटवेने तयार केलेले 'पोहोचवता आले नाही' असे निरोप होते. स्पॅम पाठवणारे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरही मेल पाठवतात. गेटवे ते घेत होता, आतला सर्व्हर असा पत्ता नाही म्हणून ते नाकारत होता, आणि मग गेटवे प्रामाणिकपणे पाठवणाऱ्याला कळवायला निघत होता. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्यामुळे हे निरोप भलत्याच लोकांना जात होते. दुसऱ्यांच्या दृष्टीने आमचाच गेटवे स्पॅम पाठवत होता आणि असेच चालू राहिले असते तर आमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत गेला असता.

रांगेतले निरोप खोडले आणि आतल्या सर्व्हरवरून दर तासाला वैध पत्त्यांची यादी आणून ती रिले रेसिपियंट मॅप्समध्ये घालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता नसलेल्या पत्त्याचा मेल दारातच परत फिरतो आणि कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. स्क्रिप्टमध्ये एक काळजी घेतली आहे: नव्या यादीतले पत्ते जुन्यापेक्षा एक दशांशाहून जास्त कमी झाले, तर ती यादी न वापरता मला कळवायचे. आतला सर्व्हर एखाद्या तासाला बंद असेल आणि रिकामी यादी लागू झाली, तर सर्वांचेच मेल नाकारले जातील.

७ जून, शनिवार

या महिन्यातली सर्वांत मोठी चूक आजची आहे आणि ती पूर्णपणे माझी आहे. काल संध्याकाळी जुन्या सर्व्हरवरच्या पोस्टफिक्सच्या काही ओळी मी गेटवेवर उतरवल्या. त्यांत स्पॅमहाउसच्या झेन या काळ्या यादीत नाव असलेल्याचा मेल थेट नाकारा, अशी एक ओळ होती. स्पॅम म्हणून काहीही नाकारायचे नाही हा माझाच नियम त्या एका ओळीने मोडला. आज सकाळी अकराच्या सुमारास एका सहकाऱ्याने फोन करून सांगितले, की कालपासून एकही मेल आलेला नाही. लॉग उघडला तर रात्रभर येणारा प्रत्येक मेल ५५४ क्रमांकाने नाकारला गेलेला. तो कायमचा नकार असतो, त्यामुळे पाठवणारे सर्व्हर पुन्हा येणार नव्हते.

अशा याद्या डीएनएसमधून, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेतून, विचारल्या जातात. आयपी यादीत असेल तर १२७.०.०.२ किंवा त्याच्या आसपासचे उत्तर येते, नसेल तर नोंदच सापडत नाही. प्रश्न मोठ्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमार्फत आला तर झेन खरे उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा चुकीचा मार्ग सांगणारा क्रमांक देते. हे त्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या गेटवेवर सार्वजनिक डीएनएस लावलेला होता, आणि पोस्टफिक्सला उत्तरांचा कोणता टप्पा ग्राह्य धरायचा हे सांगितले नाही, तर काहीही उत्तर आले तरी ते 'यादीत आहे' असेच समजते. जुन्या सर्व्हरवर हीच ओळ वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली, कारण तिथला डीएनएस वेगळा होता.

दुपारभर तीन कामे केली. पोस्टफिक्समधली ती ओळ काढली. काळ्या याद्या आता फक्त आरस्पॅमडी विचारतो आणि त्यांचे गुण धरतो, एकट्या यादीवरून कोणाला नकार मिळत नाही. गेटवेवरच अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर बसवला आणि तो कोणाकडेही प्रश्न पुढे न ढकलता स्वतः मुळापासून शोध घेईल असे ठेवले. चाचणीसाठी राखलेला पत्ता विचारून १२७.०.०.२ हे उत्तर येते याची खात्री केली. तिसरे, पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स चालू केला, म्हणजे चुकून कुठे कायमचा नकार राहिलाच तर तो तात्पुरता होईल. नव्या गेटवेवर ही एक ओळ पहिल्याच दिवशी घालायला हवी होती.

मग लॉगमधून रात्रीचे सर्व नाकारलेले पत्ते काढून एकेक वाचले. त्यांत ३१ खऱ्या लोकांचे होते. प्रत्येकाला मी स्वतः मेल लिहून काय घडले ते सांगितले आणि पुन्हा पाठवण्याची विनंती केली. यात संध्याकाळ गेली, पण ते टाळण्यासारखे नव्हते.

८ जून, रविवार

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सुधारणेसाठी मशीन पुन्हा सुरू केले आणि डीएनएसची सेटिंग पूर्ववत सार्वजनिक सर्व्हरकडे गेली, कारण पत्ता वाटणारी सेवा ती फाइल दर वेळी नव्याने लिहीत होती. ते बंद केले, आणि शिवाय आरस्पॅमडीच्या स्वतःच्या पर्यायांमध्येही १२७.०.०.१ हाच डीएनएस लिहून टाकला. फायरवॉलमधून बाहेर जाणारे यूडीपी ११३३५ पोर्टही उघडले. त्याशिवाय फझी तपासणी (माहीत असलेल्या स्पॅमशी मिळतेजुळते मेल ओळखणे) नुसतीच वाट पाहत राहत होती.

१० जून, मंगळवार

मोठ्या डोमेनच्या एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) परवाच ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणला होता, म्हणजे गडबड झाल्यास पाच मिनिटांत मागे फिरता येईल. सकाळी सातला रेकॉर्ड बदलला. नऊच्या आत तक्रारी सुरू झाल्या, की महत्त्वाचे मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये जात आहेत. गेटवेने दिलेले गुण पाहिले तर ते शून्याच्या आसपास होते. दोष आतल्या सर्व्हरवरच्या जुन्या स्पॅमअसॅसिनचा होता: त्याच्या दृष्टीने आता प्रत्येक मेल आमच्या गेटवेच्या आयपीवरून येत होता आणि तो आयपी कोणत्याही पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये असणे शक्यच नव्हते. जितका पाठवणारा एसपीएफबाबत काटेकोर, तितका त्याचा मेल जास्त संशयास्पद ठरत होता. गेटवेला विश्वासू नेटवर्क म्हणून नोंदवल्यावर हे थांबले आणि दोन दिवसांनी आतली गाळणी मी पूर्ण काढूनच टाकली. एसपीएफ आणि काळ्या याद्या यांची तपासणी सर्वांत बाहेरच्या दारावर आणि एकदाच झाली पाहिजे.

१२ जून, गुरुवार

एमएक्स बदलून दोन दिवस झाले तरी काही खात्यांवर अगदी उघड स्पॅम येतच होता. त्या मेलच्या शीर्षओळी पाहिल्या तर त्यांत गेटवेचे नावच नव्हते. पाठवणाऱ्यांनी आतल्या सर्व्हरचा जुना आयपी जपून ठेवला होता आणि ते एमएक्स न विचारता थेट तिथे जात होते. आतल्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे पोर्ट फक्त गेटवेसाठी खुले ठेवणे हा उपाय, पण तो लगेच केला नाही. आधी दिवसभराचा लॉग वाचून त्या पोर्टवर आणखी कोण येते ते पाहिले आणि दोन गिऱ्हाइके सापडली: स्कॅन केलेले कागद मेलने पाठवणारे एक यंत्र आणि हिशेबाची एक आज्ञावली. दोन्हींना लॉगिन देऊन ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर हलवले आणि मग दार बंद केले. स्पॅममध्ये सर्वांत मोठी घट आरस्पॅमडीमुळे नव्हे, तर फायरवॉलच्या या एका नियमामुळे झाली.

१३ जून, शुक्रवार

आपल्याच डोमेनचे मेल स्पॅम ठरू नयेत म्हणून मी पहिल्या आठवड्यात एक पांढरी यादी केली होती. प्रेषकाच्या ओळीत आमचे डोमेन असेल तर उणे २० गुण. आज एका सहकाऱ्याला आमच्या प्रमुखांच्या नावाने आणि पत्त्याने मेल आला, त्यात एका खात्यावर तातडीने रक्कम भरण्याची सूचना होती. त्यांनी पैसे न भरता आधी प्रमुखांना फोन केला म्हणून वाचलो.

त्या मेलचा निकाल मी जपून ठेवला आहे. एसपीएफ नापास, डीकेआयएम सही नाही, उत्तर पाठवायचा पत्ता तिसऱ्याच डोमेनचा, पाठवणारा आयपी दोन काळ्या याद्यांत. बेरीज ११.२. त्यातून माझे २० वजा, म्हणजे उणे ८.८. गाळणीने तो मेल अचूक ओळखला होता आणि मी लिहिलेल्या नियमाने त्याला आत सोडले. प्रेषकाची ओळ कोणीही काहीही लिहू शकतो, तिच्यावर आधारलेली सवलत म्हणजे चोराला दिलेली किल्ली. ती यादी काढली. आता सवलत हवी असेल तर ती डीकेआयएम सही किंवा डीमार्क उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. आमच्या स्वतःच्या डोमेनचे डीमार्क धोरण अजून नुसते पाहण्याचे आहे. अहवाल वाचून खऱ्या पाठवणाऱ्या सर्व यंत्रणा सही करतात याची खात्री झाली, की ते कडक करीन.

१९ जून, गुरुवार

बेझ, म्हणजे उदाहरणांतल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणारी गाळणी, तिच्या शिकवणीचा आठवडा. आरस्पॅमडीची बेझ गाळणी किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय मत देत नाही. घाईने मी सगळ्यांना स्पॅम मेल एका खात्यावर फॉरवर्ड करायला सांगितले आणि तो ढीग शिकवला. दोनच दिवसांत सहकाऱ्यांचे बाहेरून पाठवलेले साधे मेल स्पॅमकडे झुकू लागले. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ शीर्षओळी राहत नाहीत, त्याऐवजी सहकाऱ्याचे नाव, पद आणि खालची सही येते, आणि तेच शब्द स्पॅमचे म्हणून शिकवले गेले होते. यात दोष लोकांचा नाही, मी मागितलेच चुकीचे.

बेझचा साठा वेगळ्या रेडिसमध्ये ठेवला होता म्हणून तो पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करता आली. या वेळी मूळ मेलच वापरले: प्रत्येकाची परवानगी घेऊन त्यांच्या स्पॅम फोल्डरमधले स्पॅम आणि नेहमीच्या फोल्डरमधले चांगले मेल. साठ्यात मेलचा मजकूर राहत नाही, शब्दांपासून काढलेल्या सांकेतिक संख्या राहतात, हे सांगितल्यावर बहुतेकांनी होकार दिला. पुढची शिकवणी आता डोव्हकॉटमध्ये (मेलपेट्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सीव्ह या मेल हाताळण्याच्या भाषेतल्या नियमाने आपोआप होते. मेल स्पॅम फोल्डरमध्ये हलवला तर स्पॅम, तिथून बाहेर काढला तर चांगला. मात्र स्पॅममधून कचरापेटीत हलवणे हेही 'बाहेर काढणे'च असते. ते वगळले नाही तर फोल्डर साफ करणारा प्रत्येक जण गाळणीला उलटे शिकवत राहतो.

२३ जून, सोमवार

ग्रेलिस्टिंग मूळ ४ गुणांवर चालू केले. दुपारी एका सहकाऱ्याला एका सेवेत लॉगिन करता येईना, कारण पडताळणीचा अंक पाच मिनिटे वैध होता आणि त्याचा मेल सतरा मिनिटांनी आला. गुण ४.३ होते, मेलची मांडणी सदोष असल्यामुळे. त्या सेवेला डीकेआयएमच्या अटीवर सवलत दिली आणि ग्रेलिस्टिंगची मर्यादा ५ केली. एकेका सेवेला सवलत देत बसण्यापेक्षा मर्यादा किंचित वर नेणे मला जास्त योग्य वाटते.

२६ जून, गुरुवार

रात्री कर्नलने क्लॅमएव्हीची प्रक्रिया मारली आणि सकाळपर्यंतचे मेल व्हायरस तपासणीशिवाय आत गेले. लॉगमध्ये तपासणी अयशस्वी झाल्याचे चिन्ह प्रत्येक मेलवर होते, पण ते पाहणारे कोणी नव्हते. नवी व्हायरस-चिन्हे आली की क्लॅमएव्ही जुनी तशीच ठेवून नवी मेमरीत भरतो, त्यामुळे तेवढ्यापुरती जवळजवळ दुप्पट जागा लागते आणि एका संचालाच एक जीबीहून अधिक लागत असल्यामुळे ४ जीबीचे मशीन पुरले नाही. एकाच वेळी दोन्ही संच न ठेवण्याचे सेटिंग करून पाहिले, पण मग भरणी चालू असताना तपासणी थांबते. शेवटी मेमरी ६ जीबी केली आणि सेटिंग मूळपदावर आणले. प्रक्रिया बंद पडली तर मला निरोप येईल अशी सोयही केली. रात्रीचे मेल आतल्या सर्व्हरवर पुन्हा तपासून घेतले, त्यांत काही सापडले नाही.

३० जून, सोमवार

गेल्या दोन आठवड्यांतले १५ गुणांवरचे सर्व मेल एकेक करून वाचले. एक सोडून सगळे स्पॅम होते. तो एक म्हणजे एका पुरवठादाराचे मासिक हिशेबपत्रक: त्यांच्या सर्व्हरच्या आयपीला उलटे नाव (आयपीवरून सापडणारे नाव) नाही आणि एसपीएफमध्ये जुनाच आयपी लिहिलेला. त्यांना दोन्ही गोष्टी लिहून कळवल्या आणि तोपर्यंत त्यांच्या आयपीला सवलत दिली. नियमाशेजारी आजची तारीख आणि कारण लिहून ठेवले आहे.

त्यानंतर नकार १५ वर चालू केला, कॉन्फिग डंपमध्ये तो खरोखर १५ दिसतो हे पाहिले, आणि सॉफ्ट बाउन्स काढला. नकाराच्या निरोपात पोस्टमास्टरचा पत्ता दिला आहे आणि त्या पत्त्यावर कोणतीही गाळणी लावलेली नाही, म्हणजे चुकून अडलेल्या माणसाला माझ्यापर्यंत पोहोचायला एक वाट उरते. १६ तासांच्या अंदाजाचे आज ६१ तास झाले आहेत. त्यांतले सुमारे निम्मे डीएनएस आणि बेझच्या चुका निस्तरण्यात गेले.

दुपारी चारपर्यंत ४० मेल नाकारले गेले. ते चाळीसही मी वाचून पाहिले. पुरवठादाराचे उत्तर आले आहे, एसपीएफ त्यांनी दुरुस्त केला, उलट्या नावासाठी त्यांच्या सेवा पुरवणाऱ्याकडे मागणी नोंदवली आहे. बेझच्या रेडिसची प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून ती चालते का हे उद्या पाहायचे आहे.